वळणावरच्या बाईचा हंडा

मी अकरा वर्षं पाण्याचा टँकर चालवला. हे कळलं की माणसं दोन प्रश्न विचारतात. एक, "तेव्हा मीरा रोडला पाण्याचे फार हाल होते ना हो?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "वळणावरची ती बाई तुम्हाला दिसली होती का?" पहिल्यावर मी तासभर बोलतो. दुसऱ्यावर आजवर विषय बदलत आलो. आता साठी उलटली, लायसन कपाटात पडलंय, आणि खरं सांगितल्यामुळे ज्याच्या घशाला कोरड पडेल असं त्या रस्त्यावर कुणी उरलं नाही. तर सांगून टाकतो. हो, दिसली होती. माझ्या केबिनमध्ये, माझ्या शेजारी बसली होती. तिचं नाव जनाबाय.

पण आधी धंदा समजून घ्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. मीरा रोडला, भाईंदर पूर्वेला बिल्डिंग आधी उभी राहायची, माणसं राहायला यायची, आणि पाणी मागाहून, नशिबात असेल तर. गिरगाव-परळची खोली विकून आलेला माणूस हौसेने नळ उघडायचा आणि नळ नुसता फुस्स करायचा. मीही त्यातलाच. परळ सोडून भाईंदरच्या गोडदेवला भाड्याने आलो, कंपनी बंद पडलेली, हातात हेवी गाडीचं लायसन तेवढं होतं. काशिमिऱ्याच्या बाजूला विहिरी होत्या, त्यांवर पंप. तिथे रांग लावायची, दहा हजार लिटर भरून घ्यायचं आणि टँकरचा मालक, म्हणजे आमचा सेठ, सांगेल त्या सोसायटीच्या टाकीत पाइप सोडायचा. असं दिवसभर.

भरलेला टँकर चालवणं म्हणजे ट्रक चालवणं नव्हे. ट्रकातला माल गप्प बसतो, पाणी बसत नाही. ब्रेक मारला की ते आधी पुढे धावतं, मग मागे. वळणावर तर गाडीलाच ओढून न्यायला बघतं. त्यामुळे टँकरवाला वळणाला घाबरतोच. भुताखेतांशी त्याचा काही संबंध नाही, पण भुतं अशाच जागा बघून वस्तीला येतात, हे मी अनुभवाने सांगतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका सोसायटीत निवृत्त शिक्षिका होत्या. टँकर आला की बाई बांबू घेऊन हजर. बांबूवर खडूने रेघा मारलेल्या. मला टँकरवर चढायला लावायच्या, झाकणातून बांबू बुडवायला लावायच्या आणि खालून ओरडायच्या, "तांबे, चार बोटं कमी आहे!" मी म्हणायचो, "बाई, रस्त्यात हिंदकळतं." एकदा वैतागून खरं ते सांगितलं, की वळणावर एका भुताला आम्ही पाणी सोडतो.  बाई लगेच म्हणाल्या, "भुताचा हिस्सा आमच्या टाकीतून का? तुमच्या सेठच्या घरून द्या की!"  

तर ते वळण. काशिमिऱ्याहून भाईंदरकडे येताना मिठागरं सुरू व्हायची तिथे. दोन्ही अंगाला खारं पाणी, मिठाचे ढीग, बांधावर चार-दोन झोपड्या. झाड म्हणाल तर एक बाभूळ. त्या बाभळीखाली भर दुपारी बारा ते एकच्या दरम्यान एक बाई उभी असते, अशी वदंता होती. हिरवं लुगडं, कमरेवर रिकामा हंडा. हात करते. गाडी थांबवली तर म्हणते, "दादा, पान्यापरत सोड." केबिनमध्ये चढते. तुम्ही गिअर टाकून शेजारी बघता तर बाई गायब, आणि सीट ओली. मग तीन दिवसांत त्या गाडीचा ब्रेक तरी जातो नाहीतर ड्रायव्हर तरी. म्हणे पाणी आणायला गेलेली पोटुशी बाई उन्हात तिथेच पडली आणि हडळ होऊन बसली.

तुम्ही म्हणाल, अशी बाई तर प्रत्येक रस्त्यावर असते. खरंय. हायवेवरच्या बाईला लिफ्ट हवी असते, घाटातल्या बाईला काडेपेटी. आमच्या बाईला पाणी हवं होतं, एवढाच फरक. आणि पाण्याच्या धंद्यात दुसरं काय मागणार ती?

म्हणून आमच्यात रिवाज पडला. पहिली भरलेली गाडी असो की दहावी, वळणावर थांबायचं, उतरायचं, मागचा वॉल्व्ह जरासा सोडायचा. किती वेळ, तर ज्याच्या त्याच्या देवावर. कुणी अकरा वेळा रामनाम घ्यायचा, कुणी कलमा म्हणायचा, मी आपला विडी पेटेपर्यंत. पाणी रस्त्याकडेच्या खड्ड्यात पडायचं. मग वॉल्व्ह बंद करून निघायचं आणि मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर ती हात करते. सेठसुद्धा नव्या ड्रायव्हरला गाडीची किल्ली देताना बजावायचा, "पहला पानी उसका, बाद में सोसायटी का."

हे सगळं मला शिकवलं रामलखनजींनी. जौनपूरकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. भरलेली गाडी वळवायची कशी ते त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं, एक शिवी न देता. या धंद्यात ही फार मोठी गोष्ट आहे. माझा भुतावर विश्वास नव्हता. परळला असताना मी व्याख्यानं ऐकलेली, पुस्तकं वाचलेली, वाद घालायची खुमखुमी भारी. "रामलखनजी, हे थोतांड आहे," मी म्हणायचो. ते तंबाखू मळत म्हणायचे, "होगा भाई. तेरा क्या जाता है? वॉल्व्ह खोल."

मग एका दुपारी माझ्या गाडीचा फॅन बेल्ट तुटला. वळणाच्या पुढे शंभरेक पावलांवर. वॉल्व्ह सोडून नुकताच निघालो होतो. गाडी कडेला लावली, खाली उतरलो आणि मागे वळून बघितलं. बघणारच ना, मला कुणाची भीती?

मिठाच्या ढिगांमागून सहा-सात बायका आल्या. धावत नव्हत्या, पण पाय न वाजवता झपझप. हंडे, कळश्या, डालड्याचे डबे. खड्ड्यावरचं काटेरी झुडूप बाजूला केलं, तर खाली काळं प्लॅस्टिक अंथरलेलं, त्यात आम्ही सोडलेलं पाणी. तांब्यातांब्याने भरून घेत होत्या. एक थेंब सांडला तरी एकमेकींवर करवादत होत्या. मला इतका आनंद झाला की काय सांगू! सापडलं भूत! मी टाळ्या वाजवत परत गेलो. "वा वा, किती हडळी आहेत इथे?"

सगळ्या जागच्या जागी थिजल्या. एक तेवढी पुढे आली. पन्नाशीची, काटक, मिठाने पाय भेगाळलेले. ती जनाबाय.

"दादा, हडली न्हाय आमी. मिठागरावं हाव. आमची हीर खारी हाय, मिठागराच्या सेठानी धाडलेला पिंप दोन दिसांनी येतंय."

"मग मागायचं ना सरळ! भुताचं सोंग कशाला?"

"सोंग आमी न्हाय केलं. तुमीच घाबरलांव, तुमीच पानी सोडलांव. आमी खड्डा खनला खाली, येवराच आमचा गुन्हा." मग हंडा खाली ठेवून म्हणाली, "आनी मागलां व्हतां दादा. पयल्या वर्षाला हात जोरून उभ्या रेल्हताव रस्त्याला. एक गारी थांबली न्हाय. मानसाला कोन पानी देतंय? भुताला समदी देतान."

मी काहीतरी हं हं केलं. तिने हात जोडले. "कोनाला बोलू नको बाबा. हितली पोरां या पान्याव हान."

इथे मी थांबायला हवं होतं. ती एवढं स्पष्ट बोलली होती, समजायला मला काही पदवी लागत नव्हती. पण माझ्या अंगात शहाणपण संचारलेलं. संध्याकाळी विहिरीवर चहाच्या टपरीशी मी सगळ्यांना ती गोष्ट रंगवून सांगितली. बायकांच्या चालीची नक्कल करून दाखवली. लोक पोट धरधरून हसले. मग हसणं संपलं आणि चिडले, कारण इतकी वर्षं आपण उल्लू बनलो हे कुणालाच आवडत नाही. सेठने तिथल्या तिथे जाहीर केलं, यापुढे वळणावर जो वॉल्व्ह उघडेल त्याने किल्ली आणून द्यावी आणि घरी जावं. एकटे रामलखनजी तेवढे हसले नव्हते. मला वाटलं, म्हाताऱ्याची श्रद्धा दुखावली.

दोन दिवस मी हिरो होतो. तिसऱ्या दिवसापासून वळणावरून जाताना मला मान तिकडे फिरवता येईना. बायका आता लपत नव्हत्या. हंडे घेऊन उघड रस्त्यावर उभ्या असायच्या आणि टँकर हॉर्न वाजवत निघून जायचे. कुणीतरी ओरडायचा, "ए भूत, बाजू हट!" मी सेठकडे गेलो. म्हटलं, सेठ, चार हंडे सोडले तर काय बिघडतं, पोरं आहेत तिथे. सेठ म्हणाला, "मोहन, तूने ही तो चोरी पकड़ी, अब तू ही वकील बनता है?"  मी घरून दोन कॅन भरून नेले, एकदा दिले, पण वीस-पंचवीस माणसांच्या वस्तीला दोन कॅन म्हणजे काय? बायकोने विचारलं, "आपल्या घरचं पाणी कुठे नेताय?" तिलाही सांगायची लाज वाटली.

आठव्या दिवशी दुपारी मी भरलेली गाडी घेऊन येत होतो. माझ्या पुढे तीन टँकर, मागे रामलखनजींचा. बाभळीखाली जनाबाय उभी. या वेळी हंडा नव्हता. खांद्यावर पाच-सहा वर्षांची पोर टाकलेली, पोरीचे हात लोंबत होते. जनाबाय हात करत होती. पहिला टँकर गेला. दुसरा गेला. तिसऱ्याने हॉर्न दिला. मी ब्रेक मारला तेव्हा पाठीमागचं दहा हजार लिटर पाणी गाडीला धडका देत होतं.

"चढ, मावशी."

पोर तिची नात होती, सुमन. दोन दिवस जुलाब आणि उलट्या. पाणी संपलं तेव्हा मुलांनी बांधाकडेच्या डबक्यातलं प्यायलेलं. डोळे खोल गेले होते, ओठ पांढरे. माझ्या शेजारच्या सीटवर तिने पुन्हा उलटी केली, नुसतं पाणी. जनाबाय पदराने सीट पुसायला लागली. मी ओरडलो, "राहू दे गं, पोरीला धर!"   मी म्हणालो, "माझ्यामुळे झालं, मावशी." ती म्हणाली, "गारी बघून चालव, बाबा."

दवाखाना भाईंदरच्या बाजारात, कॅबिन रोडवर, आणि तिथे भरलेला टँकर आत नेणं म्हणजे सुईतून दोरखंड ओवणं. तोंडाशीच गाडी लावली, पोरीला खांद्यावर घेतलं आणि भाजीवाल्यांतून, पाटीवाल्यांतून धावलो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बघताक्षणी सलाइन लावली. आमच्याकडे न बघता म्हणाले, "अजून उशीर केला असता तर हिला माझ्याकडे आणायची गरज नव्हती." मी भिंतीला टेकून खाली बसलो. दोन तासांनी पोरीने डोळे उघडले आणि पहिला शब्द बोलली तो "आजे, पानी." तिथे मी रडलो. टँकरवाला आहे मी, हा शब्द दिवसातून शंभरदा ऐकायचो.

जनाबायला तिथे सोडून मी बाहेर आलो. सीट घाण झालेली, ती गाडीच्याच पाण्याने धुऊन काढली, सोसायटीत पाणी पोचवलं, उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली आणि विहिरीवर परतलो. टपरीशी सगळे जमलेले. सेठही खुर्ची टाकून बसलेला. मी उतरतोय तोच रामलखनजींनी सगळ्यांदेखत विचारलं, "मोहन, वो औरत कहाँ उतरी?"

 खरं सांगितलं तर काय होणार ते दिसत होतं. सेठ म्हणणार, चोर बाईला गाडीत फिरवतो, आण किल्ली. माझी नोकरी जाणार, ती गेली तरी चालली असती. पण वळणावर पाणी पडायचं नाही ते नाहीच, आणि पुढच्या आठवड्यात दुसरी एखादी पोर. मला कधी खोटं बोलता आलेलं नाही. बायकोला विचारा. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून निघालं,

"कौन औरत?"

रामलखनजी एक पाऊल मागे सरकले. "अरे, जो मोड़ पे चढ़ी! हरी साड़ी, कंधे पे बच्ची. तेरे पीछे मैं ही तो था. अपनी आँख से देखा."

"मैं तो अकेला आया, रामलखनजी."

त्यांनी सावकाश माझ्या केबिनचं दार उघडलं. सीटला हात लावला. ओला हात सगळ्यांना दाखवला, आणि तो हात थरथरत होता.  मग ते सेठकडे वळून म्हणाले, "सेठ, वो औरतें पानी उठाती थीं, तो उसी के नाम का उठाती थीं. हमने बंद किया. अब बच्चा लेके आई है. आगे क्या लेके आएगी?" सेठ खुर्चीतून उठला होता. त्याने वळणाच्या दिशेने हात जोडले आणि म्हणाला, "पहला पानी उसका. दो गुना छोड़ो."

दुप्पट! दुसऱ्या दिवसापासून एकेक गाडी वळणावर थांबायला लागली, कधी नव्हे इतका वेळ. एकजण तर खड्ड्याशी नारळ ठेवून आला. वस्तीतल्या पोरांनी तो खाल्ला असणार. मला मात्र सगळे टाळायला लागले. ज्याच्या गाडीत ती बसली त्याचे तीन दिवस मोजत होते लोक. चौथ्या दिवशी मी जिवंत आलो तर म्हणाले, याच्यावर तिची मर्जी आहे. मी, परळचा व्याख्यानं ऐकलेला मोहन तांबे, हडळीचा लाडका! कुणी भुताचा विषय काढला की माझ्याकडे बोट दाखवायचे आणि मी विडी पेटवायला पाठ फिरवायचो. जिरली माझी. चांगली जिरली.

जनाबायने मला कधी बोल लावला नाही. त्या वर्षीच्या दिवाळीत ती गोडदेवला आमचं घर शोधत आली, फडक्यात बांधलेले तांदळाचे पोळे घेऊन. बायकोने विचारलं, या कोण? मी सगळं सांगितलं. बायकोने तिला दिवाळीची भेट म्हणून लुगडं दिलं, पुढे दर दिवाळीला देत राहिली. सुमन वाढत गेली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात वस्तीच्या तोंडाशी नळाचं कनेक्शन आलं. जनाबायने निरोप धाडला, "आता बाईला सुटी द्या." मी जाऊन नळ बघून आलो. सुमन दप्तर पाठीला लावून ओंजळीने पाणी पीत होती, घरी जाऊन प्यायचाही धीर नव्हता तिला. 

टँकरचा धंदाही हळूहळू उतरला. रामलखनजींनी कायमचं गावी जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी विहिरीच्या आवारात आम्ही दोघं एका बाजूला उभे होतो. माझ्या मनावर एकच ओझं होतं. ज्या माणसाने मला गाडी वळवायला शिकवलं, त्याला मी फसवलं होतं. त्यांचा थरथरता हात माझ्या डोळ्यांसमोरून गेला नव्हता. म्हटलं, आता नाही सांगितलं तर कधी सांगणार?

"रामलखनजी, एक झूठ बोला था मैंने. उस दिन गाड़ी में औरत थी. सचमुच की. जनाबाय."

ते तंबाखू मळत राहिले. "मालूम है."

"कधी कळलं?"

"कब मतलब? तू बच्ची को कंधे पे लेके कॅबिन रोड में दौड़ रहा था, मैं पीछे गाड़ी लगाके खड़ा था. तू दवाखाने में घुसा, तब मैं निकला."

 "मग सगळ्यांसमोर का विचारलंत? मी खरं बोललो असतो तर?"

"गरीब को पानी दूँ, तो सेठ निकाल दे. भूत को दिया, तो सेठ ने खुद हाथ जोड़े. उस गड्ढे पे कौन आता है, ये मैं बरसों से जानता था, तेरे आने से पहले से." त्यांनी तंबाखू तोंडात टाकला. "और सबके सामने इसलिए पूछा, कि अकेले में पूछता तो तू सच बोल देता. तुझे वो बीमारी थी. चार आदमी के सामने तुझे सोचना पड़ा."

म्हणजे मी त्यांना फसवलं नव्हतं. मी चूक केली होती, आणि ती निस्तरायची वाट त्यांनी मला उघडून दिली होती, मला न कळू देता, वर मलाच तिचं पुण्य घेऊ दिलं होतं. इतकी वर्षं.

मी तिथेच, भर आवारात, वाकून त्यांच्या पाया पडलो. त्यांनी ओशाळून मला उठवलं. सेठ त्याच्या खोलीतून बघत होता. त्याने हाक मारून विचारलं, "क्या हुआ, मोहन?"

"कुछ नहीं, सेठ," मी म्हणालो. या वेळी मला विचार करावा लागला नाही.